पडवीचा फोटो कुणाचा

त्या डिझायनरबाईंनी मला फसवलं, मी आबांना फसवलं आणि आबांनी कोणालाही फसवलं नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढे मी आबांविषयी थोडं वाकडंही बोलणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

आबा फोटोग्राफर होते. लग्नाबारशाचे नव्हेत, फक्त घरांचे. तेही रिकाम्या घरांचे. घरात माणूस दिसला तर ते कॅमेऱ्याला हात लावत नसत. "माणूस इलो की घर गप बसता," असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्यात कोणी नवं घर बांधलं, जुनं घर दुरुस्त करून पर्यटकांसाठी खोल्या काढल्या की फोटोंसाठी आबांना बोलवायचं, अशी रीत पडली होती. बोलवणारा दुसऱ्यांदा बोलवताना दहादा विचार करायचा, आणि शेवटी बोलवायचाच.

माझं म्हणाल तर मी चिरेखाणीवर ट्रक भरायला लागलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे स्वतःचा ट्रक घेतला, मग देवगडकडे आंब्याच्या बागा करारावर घेऊ लागलो, आणि त्यातून तारकर्लीला पाच खोल्यांचं घर उभं केलं. कोणी आर्किटेक्ट नव्हता. नकाशा माझा, चिरे माझ्या ओळखीच्या खाणीतले, आणि पुढच्या पडवीतला तांबडा कोबा मी स्वतः गवंड्याबरोबर गुडघ्यांवर बसून घोटलेला. महिनाभर माझे गुडघे त्या कोब्याच्या रंगाचे होते. घासाघीस हा माझा स्वभाव आहे आणि राग हा त्याचा जोडीदार. मला लांबून येताना बघितलं की बाजारातल्या बायका सुरमईचा भाव आधीच वाढवून ठेवतात.

आबा पहिल्यांदा आले ते एसटीने. एका खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, दुसऱ्यावर ट्रायपॉड, आणि हातात गवंड्याचा ओळंबा. दोरीला लटकवलेला पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचा. तो त्यांनी ट्रायपॉडच्या पोटाला बांधला आणि तो हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले.

मी म्हटलं, "आबा, कॅमेऱ्यात पातळी बघूची सोय आसता मां आता?"

"आसा. पण ती कंपनीक इचारता," ते म्हणाले. "ह्यो जमिनीक इचारता."

मग त्यांनी पडवी बघितली आणि सांगितलं, की उजवीकडचा खांब अर्धा इंच बाहेर गेला आहे. मी भडकलो. गवंड्याला बोलावलं, माप घेतलं. खांब अर्धा इंच बाहेर होता. मी म्हटलं, फोटोत सरळ करा, आजकाल कॉम्प्युटरवर सगळं होतं. आबांनी ओळंबा सोडला, गुंडाळला, पिशवीत टाकला.

"खांब सरळ कर. मगे फोटो आपसूक सरळ येतलो. माका बोलव तेवां."

आणि परतीच्या एसटीने गेले. मी आठ दिवस शिव्या दिल्या, नवव्या दिवशी खांब सरळ करून घेतला.

दुसऱ्यांदा आले तेव्हा सौदा झाला. त्यांनी दर सांगितला, मी सवयीने त्याचा अर्धा सांगितला. आबांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "कितक्या वर्सांसाठी व्हये?"

"वर्सां कसली? पैसे मी देतलंय, फोटो माझे."

"तू बागो करारार घेतंस मां?"

"घेतंय."

"मगे झाडां तुझी जातत?"

"झाडां कशी जातली? हंगाम माझो."

"बस तर. झाडां माझी. तुका हंगाम देतंय."

इतक्या वर्षांत मला कोणी सौद्यात गप्प केलं नव्हतं. पण मी धंदेवाला माणूस, मला त्यात फायदाही लगेच दिसला. हंगाम थोडा घेतला तर दर थोडा. शेवटी दोन वर्षांवर ठरलं. बारा फोटो, माझ्या घराच्या जाहिरातीपुरते. दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत. मी खूश होतो. अर्ध्यापेक्षा थोडंच जास्त दिलं होतं.

कागद करू म्हटलं, तर आबांनी हात झटकला. "कागदार लोक खोटा लिवतत. नारळ हातात घेवन कोण खोटा बोलणा नाय. घरात नारळ आसा?"

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना किंवा पुरं झाल्यावर देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण नारळ हातात धरून बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आबांनी फोटो काढून झाल्यावर, तुळशीपुढे उभं राहून, त्या सौद्याचं गाऱ्हाणं घातलं. मी होतो, माझी बायको होती, घर सांभाळणारी झाडूवाली बाई होती.

"बा देवा म्हाराजा! ह्या घराचे बारा फोटो आज मी काढलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"ते माझे आसत, आणि माझेच रवतले..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरमालकाक दोन वर्सां, त्येच्या घराच्या जाहिरातीक, वापरूक दिलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"तो ते दुसऱ्याक देवचो नाय, त्यांच्यात काय बदल करूचो नाय. घर बदाललां तर फोटो परत. ह्यात जां काय वाकडा असात तां दूर कर, आणि ह्या घराक बरकत दी..."

"व्हय म्हाराजा!"

शेवटचं 'व्हय' माझंच सगळ्यांत मोठं होतं. चुलीवर कोंबडीची सागोती तयार होती आणि मला भूक लागली होती.

आबांचे सगळे सौदे असेच व्हायचे. जिल्ह्यातल्या निम्म्या नव्या घरांच्या तुळशीपुढे त्यांनी नारळ धरलेला आहे. मुंबईहून आलेले मालक आधी हसायचे, मग फोनमध्ये व्हिडिओ काढायला लागायचे. आबा थांबायचे. म्हणायचे, "फोन ठेव आणि व्हय म्हण." माझ्याकडे कोणी व्हिडिओ काढला नव्हता. हे लक्षात ठेवा.

फोटो काढण्याआधी एक अख्खा दिवस ते घरात नुसते बसायचे. सकाळी पडवीत, दुपारी माजघरात, उन्हं उतरल्यावर मागच्या दारी. कुठल्या खिडकीतून किती वाजता उजेड कुठवर येतो ते बघायचे. दिवे लावू द्यायचे नाहीत. टेबलावर फुलदाणी ठेवली की विचारायचे, "ही रोज हंयच आसता?" नसते म्हटलं की उचलायला लावायचे. झाडूवाली बाई त्यांच्या मते घराची खरी मालकीण. कोपऱ्यातली खुर्ची सरकवायची असली तर ते तिला विचारायचे, मला नाही. याचा मला राग यायचा.

देवगडला एकाने टेकडीवर बंगला बांधला. खिडकीतून समुद्र दिसेल असं त्याला वाटलं होतं, पण मध्ये दुसऱ्याची बाग आली. तो आबांना म्हणाला, समुद्राचा वेगळा फोटो काढा आणि खिडकीत बसवा, माणसं समुद्र बघून येतात. आबांनी आगाऊ घेतलेले पैसे तिथेच परत केले आणि विचारलं, "पावणो खिडकी उघडतलो तेवां तू काय करतलंस? पोस्टर धरून उभो रवतलंस?" तो माणूस अजून आबांचं नाव काढलं की पान थुंकतो.

दोन वर्षं झाली आणि आबा न बोलवता हजर झाले. मुदत संपली होती, आणि मुदत वाढवण्याआधी घर बघायचा त्यांचा नियम होता. फोटोतलं घर आणि समोरचं घर एकच आहे ना, ते बघायचं. मी मधल्या काळात खोल्यांत एसी बसवले होते. त्याचे बाहेरचे दोन डबे पडवीच्या भिंतीवर, नळ्या खांबावरून. आबांनी पडवीच्या पायरीवरूनच मान हलवली.

"ह्या घर माझ्या फोटोत नाय."

"आबा, डबे आसत ते! घर तांच आसा!"

"मगे नवीन फोटो काढून घी, डब्यांचे."

त्या दिवशी मी त्यांना मेल्या म्हटलं, म्हातारचळ लागला म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. ते पायरीवर बसून ऐकत होते. मी दमल्यावर म्हणाले, "तुझा झाला? पाणी दी." मग पाणी पिऊन गेले. वेबसाइटवरून फोटो काढायला मला आठवड्याची मुदत देऊन गेले. चार दिवसांनी मी डबे मागच्या भिंतीवर हलवले. पडवी पुन्हा पडवीसारखी दिसायला लागली आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं, पण ते मी कोणाला बोललो नाही. पुन्हा नारळ, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा दोन वर्षं.

याच दुसऱ्या मुदतीत त्या बाई आल्या.

त्या पुण्याहून पाहुण्या म्हणून आल्या होत्या. इंटिरियर डिझायनर. दोन खोल्यांचे पडदे आणि उशा नव्या करून देते म्हणाल्या. त्यांनी सांगितलेला आकडा मला जास्त वाटला. मी माझ्या पद्धतीने सुरू झालो आणि कुठेतरी म्हणून गेलो, "बाई, या घराचे सुंदर फोटो माझ्याकडे आहेत. तुम्हाला तुमचं काम दाखवायला उपयोगी पडतील. ते घ्या आणि पडद्यांचं कमी करा." बाई लगेच कबूल झाल्या. इतक्या पटकन कोणी कबूल होतं तेव्हा मला शंका यायला हवी होती. मी पेन ड्राइव्ह दिला. बाराच्या बारा फोटो. मनात म्हटलं, आज बरा सौदा झाला.

पुढे काही महिन्यांनी नाशिकचं एक कुटुंब उतरलं. त्यातल्या आजी पडवीत आल्या, चप्पल काढली, कोब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टाइल्स काढून टाकल्यात होय? छान होत्या हो."

मी म्हटलं, "इथे कधी टाइल्स नव्हत्या."

त्यांच्या सुनेने फोनवर दाखवलं. एका टाइल्सच्या कंपनीची जाहिरात. माझी पडवी. माझा खांब, अर्धा इंच आत घेतलेला. माझ्या झोपाळ्याच्या कड्या. आणि खाली, जिथे माझा कोबा, तिथे निळ्या नक्षीच्या चकचकीत टाइल्स. कोपऱ्यात त्या बाईंचं नाव आणि 'संकल्पना व सजावट' असे शब्द. माझी दोन गुडघ्यांची साल कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती.

माझा पहिला संशय कोणावर गेला असेल? आबांवर. गाडी काढली आणि थेट त्यांच्या गावी. आबांनी लग्न केलं नव्हतं, विधवा बहिणीबरोबर राहत. ते मागच्या दारी पेज जेवत होते. मी उभ्याउभ्याच सुरू झालो. फोटो विकलेत, म्हातारपणी पैशाला हपापलात, नारळाची शपथ कुठे गेली. बहीण दारात येऊन उभी राहिली. आबांनी माझा फोन घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. त्यांच्या हातातला पेजेचा चमचा थांबला होता.

"लादी सरळ बसवल्यानी नाय," ते म्हणाले. "उजेड डावीकडसून येता आणि लादयेची चमक उजवीकडची." मग फोन परत दिला. "ह्यो फोटो तू कोणाक दिलंस?"

त्या क्षणी मला पेन ड्राइव्ह आठवला. बहीण म्हणाली, "बस रे, पेज घी." मी बसलो आणि पेज घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आबांनी कंपनीला पत्र लिहिलं. फोटो माझे आहेत, तुम्हाला दिलेले नाहीत, घराची जमीन खोटी केलेली आहे, काढून टाका. पैसे मागितले नाहीत. कंपनीचं उत्तर आलं, की घरमालकाने पैसे देऊन फोटो काढून घेतले, त्यांनी ते डिझायनरना दिले, डिझायनरनी आम्हाला. तुमचा हक्क असल्याचा करार असेल तर दाखवा.

मी कुडाळच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी कायदा समजावला. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर दुसरं काही ठरलं नसेल तर मालक तुम्हीच. ठरलं असेल तर ते तोंडी ठरलेलंही चालतं. "पण ठरलं होतं हे सांगणार कोण?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हाताऱ्याकडे कागद नाही. साक्ष तुमची, नाहीतर तुमच्याच घरातल्या बायकांची. तुम्ही 'ठरलं नव्हतं' म्हणालात तर फोटो तुमचे, आणि मामला संपला."

मी म्हटलं, "गाऱ्हाण्यात कोण काय बोलतो ते ऐकतो कोण, वकीलसाहेब? आपण व्हय म्हणत असतो."

"तेच लिहून द्या," ते म्हणाले.

मग कंपनीच्या एका माणसाचा फोन आला. गोड बोलणारा. फोटो माझे आहेत असं दोन ओळींचं पत्र द्या, अख्ख्या घराला टाइल्स फुकट घालून देतो. आणि मी, लाज वाटते सांगताना, त्याच्याशी घासाघीस केली. बाथरूमच्याही द्या म्हटलं. त्याने कबूल केल्या. नमुन्याचा खोका आला. तो मी कोठीत ठेवला. दोन ओळींचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं. सही केली नाही आणि फाडलंही नाही. चार महिने.

मधे एकदा आबा आले. त्यांच्या ओळंब्याची दोरी तुटली होती, मालवणच्या बाजारातून नवी घेतली आणि वाटेत उतरले. मी म्हटलं, "आबा, ह्या सोडून देवया. तुमचां जां काय नुसकान झाला तां मी भरतंय. आकडो सांगा."

त्यांनी आकडा सांगितला नाही. कोब्यावर तळवा ठेवून बसले होते, उन्हात तापलेल्या भांड्याला हात लावून बघतात तसा.

"मी तुका सांगूचंय नाय काय लिव तां," ते म्हणाले. "तू थंय होतंस."

एवढंच. मग बायकोने दिलेलं सरबत प्याले, कोबा छान घोटलाय असं तिला सांगितलं, मला नाही, आणि एसटीला गेले.

शिमग्याच्या आधी चार दिवस आबा गेले. झोपेत. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेराव्याला गेलो. त्यांची बहीण मागच्या दारी भांडी मांडत होती. ओळंबा खुंटीला लटकवलेला होता, नव्या पांढऱ्या दोरीवर. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा सांगी होतो, तू लिवन देतलंस म्हणान. रोज टपालवाल्याक इचारी. चार म्हयने तू खंय होतंस रे?"

मी आयुष्यभर ज्या तोंडावर पोट भरलं, त्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

घरी येऊन पडवीत बसलो आणि लिहिलं. फोटो आबांचे. मला मुदतीने, माझ्या घराच्या जाहिरातीपुरते वापरायला दिलेले. दुसऱ्याला द्यायचा मला अधिकार नव्हता आणि हे मला ठाऊक होतं. गाऱ्हाण्यात कोणी ऐकत नाही असं मी वकिलांना सांगितलं ते खोटं. सौदा चालू असताना मी ऐकत नाही असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही. मी प्रत्येक शब्द ऐकला आणि प्रत्येक शब्दाला व्हय म्हटलं. खाली माझी सही, बायकोची सही, आणि झाडूवाल्या बाईचा अंगठा. ते कंपनीला पाठवलं आणि टाइल्सचा खोकाही परत पाठवला, माझ्या खर्चाने. टेम्पोवाल्याने भाडं सांगितलं तेवढं दिलं. तो मोजायचा विसरला आणि माझ्याकडेच बघत राहिला.

कंपनीने उत्तर दिलं, की डिझायनरबाईंनी हे फोटो स्वतःचे असल्याचं आम्हाला लिहून दिलं आहे, तेव्हा त्यांच्याशी बोला. मी त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण ते गृहस्थ आता वारले ना? मग आता कोणाला काय फरक पडतो?"

बाई, फरक पडतो. वकील सांगतात, माणूस गेल्यावर साठ वर्षं त्याचा हक्क मागे राहतो. तो आबांच्या बहिणीकडे आला आहे आणि तिने मला तो सांभाळायला सांगितलं आहे. मला फोटोतल्या टाइल्स पुसून हव्यात, आणि तुमचं नाव पुसून हवं. पण त्याआधी मला तुमच्याकडून उत्तर हवं. आबांच्या बहिणीने मला विचारलं तेव्हा मला ते देता आलं नाही, म्हणून उत्तर न देणं काय असतं ते मला माहीत आहे. मी माझं लिहून दिलं आहे. आता तुमची पाळी.

तारकर्लीला या. राहण्याचे पैसे घेणार नाही. नारळ सोलून, शेंडी ठेवून, तुळशीपुढे तयार आहे. तो हातात धरा आणि मोठ्याने म्हणा, की हा फोटो तुमचा. आबांची बहीण असेल, मी असेन, झाडूवाली बाई असेल. बघू या आमच्यातलं कोण व्हय म्हणतं ते.